संजना बदलली, अरुंधती बदलली

जुलै २०२० मध्ये मराठी मालिकांची चित्रीकरणं पुन्हा सुरू झाली, तेव्हा 'आई कुठे काय करते'मधली संजना, म्हणजे नायिका अरुंधतीच्या नवऱ्याच्या आयुष्यात आलेली दुसरी बाई, बदललेली होती. मार्चमध्ये सगळं बंद पडलं तोवर ही भूमिका दीपाली पानसरे करत होती. मधले महिने जुने भाग पुन्हापुन्हा बघण्यात गेले आणि नवीन भाग सुरू झाला तर पडद्यावर रूपाली भोसले. आमच्याकडे आई तेव्हा गवार निवडत बसली होती. तिनं मान वर केली.

"ही कोण गं?"

"संजना."

"हिला काय झालं?"

"ती नाहीये आता. हीच संजना."

आईनं दोन-तीन प्रसंग गप्पपणे बघितले. मग "बरं" म्हणून पुन्हा शेंगा मोडायला लागली. त्यानंतर थोड्याच दिवसांत ती रूपाली भोसलेवर जी चिडली, ती आधीच्या सगळ्या भागांचा हिशेब धरून. तू त्या अरुंधतीच्या घरात जेवलीस, तिच्या हातचं खाल्लंस आणि तिच्याच नवऱ्याला... खरं तर ते खाल्लं होतं दीपाली पानसरेनं. आईच्या लेखी ते कर्ज संजनाच्या नावावर होतं आणि ते फेडायला जी समोर उभी राहील ती संजना.

मला तेव्हा फार नवल वाटलं होतं. चेहरा, उंची, आवाज, हसण्याची तऱ्हा, सगळं बदललं आणि माणूस तेच राहिलं. पुढे चार वर्षांनी त्याच मालिकेत उलट घडताना पाहिलं. अरुंधती तीच होती, तेच मधुराणी गोखले-प्रभुलकर, तोच आवाज, तीच साडी खोचायची पद्धत. आणि आई रिमोट बाजूला ठेवत म्हणाली, "ही काही आपली अरुंधती नाही."

हे दोन प्रसंग माझ्या डोक्यातून जात नाहीत. रोज चालणाऱ्या मालिकेत पात्र नेमकं कुठे राहतं, याचं उत्तर मला या दोघींमध्ये दिसतं. नटाचा चेहरा बदलला तर प्रेक्षक चार दिवस कुरकुरतो आणि मग सांभाळून घेतो. पात्राचा स्वभाव बदलला तर तो उठून जातो, किंवा बसतो पण मनानं उठलेला असतो. मालिका करणारे मात्र नट बदलताना धास्तावतात आणि स्वभाव बदलताना फारसा विचार करत नाहीत, असं मला अनेक वर्षं मालिका बघून वाटत आलंय.

'आई कुठे काय करते' २३ डिसेंबर २०१९ ला स्टार प्रवाहवर सुरू झाली आणि ३० नोव्हेंबर २०२४ ला संपली. मूळ गोष्ट बंगाली, स्टार जलशावरच्या 'श्रीमयी'ची, लीना गंगोपाध्याय यांनी लिहिलेली. तिकडे इंद्राणी हालदार होत्या. हिंदीत तीच गोष्ट 'अनुपमा' झाली आणि रूपाली गांगुलींनी ती गाजवली. पंचवीस वर्षं संसार केलेली बाई, तिला गृहीत धरणारं घर आणि ऑफिसमधल्या बाईत गुंतलेला नवरा, हा सांगाडा तिन्हीकडे एकच. आपल्याकडे हा सांगाडा काही नवा नव्हता. १९९९ साली अल्फा मराठीवर 'आभाळमाया' आली, तेव्हाही सुकन्या कुलकर्णींची सुधा नवऱ्याच्या आयुष्यातल्या दुसऱ्या बाईला सामोरी गेलीच होती. मग अरुंधती एवढी का चालली?

माझ्या मते मधुराणीला निवडलं तिथेच अर्धी गोष्ट लिहून झाली होती. अरुंधती ही गाणं येणारी आणि ते संसारात मागे टाकलेली बाई. ती भूमिका गाता येणाऱ्या, संगीत कळणाऱ्या बाईकडे गेली. मधुराणी स्वतः गातात, त्यांनी चित्रपटाला संगीत दिलंय, 'कवितेचं पान' चालवलंय. त्यामुळे अरुंधती ओट्यापाशी उभी राहून काही गुणगुणायची तेव्हा तो सूर खरा लागायचा आणि मध्येच कुणी "आई, माझा डबा?" म्हणून हाक मारली की तो खरोखर तुटायचा. गाणं न येणाऱ्या नटीला हे ओठ हलवून दाखवावं लागलं असतं. पुढे ती आशुतोष या जुन्या मित्राच्या मदतीनं पुन्हा गायला लागते, ध्वनिमुद्रणाला उभी राहते, हा सगळा भाग लेखकांनी लिहिला हे खरंच. पण तो लिहिण्याचं धाडस त्यांना नटीच्या गळ्यामुळे झालं असणार.

अशी निवड जिथे जमते तिथे कथानक नटाकडून शिकत जातं. 'माझ्या नवऱ्याची बायको'मधली राधिका नागपूरची. अनिता दाते मूळच्या नाशिकच्या. तरी त्यांनी ती बोली अशी धरली की राधिकाच्या तोंडून प्रमाण मराठी आलं असतं तर आम्हीच दचकलो असतो. मालिका २०१६ ते २०२१ चालली. त्या काळात राधिका मसाले कुटणाऱ्या गृहिणीपासून तीनशे कोटींच्या कंपनीच्या मालकीणबाईपर्यंत पोचली. आकड्यावर लोकांनी तोंडसुख घेतलं, पण आमच्या घरी ती गोष्ट खपली. कारण केबिनमध्ये बसलेली राधिका बोलायची तेव्हा पहिल्या भागातलीच बाई बोलतेय असं वाटायचं. कपडे बदलले, खुर्ची बदलली, बोली बदलली नाही. कथेनं केवढी उडी मारली तरी पाय ठेवायला एक जागा शिल्लक होती.

आणि त्याच मालिकेत शनाया, राधिकाच्या नवऱ्याची, गुरूची प्रेयसी, दोनदा बदलली. रसिका सुनील २०१८ मध्ये शिक्षणासाठी अमेरिकेला गेली, तिच्या जागी ईशा केसकर आली. ईशाला लोक तोवर 'जय मल्हार'मधली बानू म्हणून ओळखत होते, म्हणजे खंडोबाची बानू आता गुरूच्या मागे. शेजारच्या काकूंना ते पहिले काही दिवस अजिबात पचलं नाही. मग पचलं. २०२० मध्ये ईशा बाहेर पडली आणि रसिका परत आली, तेव्हा काकू म्हणाल्या, "ही आधीची बरी होती, पण ती पण बरी होती." दोघी एकाच बाईच्या दोन बहिणी असाव्यात तसं काकूंनी मनात लावून घेतलं होतं. शनाया आळशी, हावरी, नटवी आणि मधूनच पोरीसारखी निरागस. एवढं जिनं सांभाळलं ती शनाया.

इथे माझ्या म्हणण्याला एक जबरदस्त अपवाद उभा आहे आणि त्याचं नाव शेवंता.

'रात्रीस खेळ चाले'चा पहिला भाग २०१६ चा. गोष्ट सुरूच झाली ती अण्णा नाईकांच्या मृत्यूनं. दुसरा भाग २०१९ मध्ये आला आणि तो मागे गेला, अण्णा जिवंत असतानाच्या काळात. हा कथानकाचा निर्णय मला मराठी मालिकांच्या इतिहासातला अतिशय बुद्धिमान निर्णय वाटतो. शेवट ठाऊक असलेली गोष्ट सांगायची म्हटल्यावर 'आता काय होणार' या प्रश्नाचा आधारच काढून घेतला जातो. उरतं ते 'हे कसं घडलं', आणि त्याचं उत्तर द्यायला माणसंच लागतात. माधव अभ्यंकरांचे अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरची शेवंता ही ती माणसं. आकेरीतला तो वाडा, मालवणी, ओसरीवर बसून सगळ्या घराला धाकात ठेवणारा म्हातारा आणि त्याच्या समोरून मुद्दाम सावकाश चालत जाणारी शेवंता. तिसऱ्या भागात मध्येच अपूर्वा बाहेर पडली आणि कृतिका तुळसकर आली. मुलगी मेहनती होती, प्रामाणिकपणे करत होती. पण आमच्याकडे शेवंता परत आलीच नाही.

मी यावर बराच विचार केला. संजना चालली, शनाया चालली, शेवंता का नाही? मला वाटतं, संजना आणि शनाया या कृत्यांनी बनलेल्या बायका होत्या. संजना काय करते, कुणाला फोन करते, कुणाकडून काय हिसकावते, यातून ती कळते. शेवंता कृत्यांनी बनलेली नव्हती. ती बघण्यानं, मान वळवण्यानं, वाक्य अर्धं सोडण्यानं बनली होती. तिचा स्वभावच तिच्या अंगात होता आणि ते अंग अपूर्वाचं होतं. लेखकानं कागदावर जे ठेवलं त्याहून जास्त नटीनं आणलं, तर ते जास्तीचं नटीबरोबरच निघून जातं. तेव्हा माझा नियम मोडला असं मला वाटत नाही. शेवंताच्या बाबतीत चेहरा आणि स्वभाव वेगळे करता येण्यासारखे नव्हते, इतकंच.

याच्या दुसऱ्या टोकाला 'चार दिवस सासूचे'. २००१ मध्ये सुरू झाली, २०१३ च्या जानेवारीत संपली, भाग तीन हजारांच्या वर. त्यात किती सुना आल्या, किती मुलं मोठी झाली, कितीजण परागंदा होऊन परतले, आज सांगता येणार नाही. पण रोहिणी हट्टंगडी तिथे होत्या आणि कविता लाड तिथे होत्या. 'गांधी'त कस्तुरबा केलेली, रंगभूमीवर घडलेली नटी रोज संध्याकाळी देशमुखांच्या घरातली सासू होऊन बसते, या निवडीनं त्या मालिकेला अकरा वर्षं उभं ठेवलं. कथानक कुठेही भरकटो, त्यांनी एकदा पदर सावरून समोरच्याकडे पाहिलं की घर पुन्हा घर व्हायचं. काहीही लिहून आलं तरी त्या ते आपल्या पात्रातून गाळून घ्यायच्या. मोठा नट दैनंदिन मालिकेत हेच करतो. लेखकाच्या हातून स्वभाव निसटला तर तो सांभाळतो. अर्थात, त्यालाही मर्यादा आहेत.

त्या मर्यादा अरुंधतीच्या बाबतीत दिसल्या.

अरुंधती घटस्फोट घेते, घराबाहेर पडते, स्वतःच्या पैशांवर जगायला शिकते. आशुतोष केळकर, कॉलेजातला मित्र, तिच्यावर किती वर्षं मूकपणे प्रेम करणारा, तिच्या आयुष्यात येतो. ओंकार गोवर्धननं तो इतका मऊ आणि तरीही कणा असलेला केला की आईच्या वयाच्या बायकांनी त्याला आपलं म्हटलं. २०२३ मध्ये अरुंधती आणि आशुतोषचं लग्न लागलं. मोठी मुलं असलेली, सून असलेली बाई पुन्हा लग्न करते, आणि ते मंगलाष्टकांसह, सगळ्या नात्यांच्या देखत. आमच्या इमारतीतल्या एक आजी, ज्यांच्या तोंडून विधवेच्या पुनर्विवाहाबद्दलही कधी चांगलं ऐकलं नव्हतं, त्या लग्नाच्या आठवड्यात रोज वेळेवर टीव्हीपुढे. "होऊ दे बाई तिचं एकदा," म्हणायच्या. मालिकांनी समाज बिघडतो असं म्हणणाऱ्यांनी त्या आजींना पाहायला हवं होतं. कितीही व्याख्यानं देऊन जे झालं नसतं, ते तीन वर्षं रोज अर्धा तास अरुंधतीच्या सोबत बसून झालं. लग्नापर्यंतची वाट आजी तिच्याबरोबर चालल्या होत्या, म्हणून मुक्कामाला पोचल्यावर त्यांना तो मुक्काम आपला वाटला.

आणि मग २०२४ मध्ये आशुतोषला मारलं.

मी रागानं लिहीत नाही असं म्हणणं खोटं होईल. मला आजही त्याचा राग आहे. माणसं मरतात, मालिकेतली मरू नयेत असा माझा हट्ट नाही. पण आशुतोष गेल्यावर अरुंधतीला पुन्हा 'समृद्धी'त आणलं गेलं. ज्या घरानं तिला पंचवीस वर्षं वापरलं, ज्या घरातून ती ताठ मानेनं बाहेर पडली होती, त्याच घरातले तेच वाद, तीच टोमणेबाजी, तीच सोशिक नजर. तिनं कष्टानं कमावलेलं सगळं तिच्याकडून काढून घेऊन तिला पहिल्या पायरीवर उभं केलं. हाच तो काळ, ज्यात आईनं रिमोट बाजूला ठेवला. मालिका तोवर संध्याकाळच्या साडेसातवरून दुपारी नेली होती. आईची दुपारची झोप मोडून बघण्याइतकी ती गोष्ट आता तिची राहिली नव्हती.

"अगं, बिचारीचा नवरा गेला, जाईल कुठे?" मी मुद्दाम म्हटलं.

"कुठेही जाईल," आई म्हणाली. "भाड्याची खोली घेऊन राहिली नव्हती का? तेव्हा काही नव्हतं हातात. आता गाणं आहे, पैसा आहे, नाव आहे. ती तिकडे परत नाही जाणार. आणि गेली तर उद्या त्यांना डबे करून नाही देणार."

आईनं हे पटकथाकारासारखं बोलायचं म्हणून बोललं नव्हतं. ओळखीच्या बाईबद्दल आपण जसं सांगतो, 'ती असं करायची नाही', तसं ती बोलली. अरुंधतीबद्दल तिला ही खात्री कुणी दिली? मालिकेनंच दिली होती, भागामागून भाग. चौदाशेच्या वर भाग झाले त्या मालिकेचे. एवढ्या काळात प्रेक्षकाच्या मनात पात्राचं चारित्र्य इतकं पक्कं बसतं की लेखकालाही ते मोडायची मुभा उरत नाही.

असं का होतं, हेही मला समजतं. दैनंदिन मालिकेत कथा एक जण लिहितो, पटकथा दुसरा, संवाद तिसरा, आणि वाहिनीची मंडळी सगळ्यांच्या वर. दर आठवड्याला मालिका किती बघितली गेली त्याचे आकडे येतात. आकडा खाली आला की ज्या भागांत तो वर होता, तिथे परत जायची ओढ लागते. अरुंधतीच्या मालिकेत तो वर होता छळाच्या आणि घरफुटीच्या दिवसांत. म्हणजे छळ परत आणा. शिवाय 'समृद्धी' हा उभा केलेला सेट आहे. अप्पा, कांचन, अरुंधतीचा पहिला नवरा अनिरुद्ध, अभिषेक, यश, ईशा, अनघा अशी भरलेली माणसं तिथे राहतात. नायिका त्या घरातून कायमची गेली तर या सगळ्यांचं काय करायचं? कलाकाराचं मानधन चित्रीकरणाच्या दिवसांवर ठरतं. कथेत जागा नसेल तर दिवस नाहीत. अरुंधती घराबाहेर जितकी लांब जाईल, तितक्या लोकांचा रोजगार अवघड होतो. मग तिला पुन्हा त्या अंगणात ओढून आणावं लागतं. कागदावर हा निर्णय निर्दयी दिसत नाही, उलट व्यवहार्य दिसतो.

कष्टांचीही मला कल्पना आहे. बारा-बारा तासांच्या पाळ्या, सकाळी हातात पडणारे प्रसंग. २०२१ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात चित्रीकरणावर बंदी आली तेव्हा मराठी मालिकांची युनिटं गोवा, दमण, सिल्वासाला गेली आणि घरापासून दूर राहून भाग काढत राहिली. त्या दिवसांत आमच्या घरात बातम्या बघवत नव्हत्या. दिवसभर फोनवर कुणाचं तरी काहीतरी वाईट कळायचं. संध्याकाळी अरुंधतीसारखी आपली ठरलेली माणसं ठरलेल्या वेळेला दिसायची, हा आधार होता आणि तो देणाऱ्यांबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे. मला मालिकांचा तिटकारा असता तर आशुतोषच्या मरणानं एवढं काही वाटलं नसतं.

पण याच धंद्यात दुसरं उदाहरणही आहे. २०१२ मध्ये 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' आली. मुक्ता बर्वे, स्वप्नील जोशी, दिग्दर्शन सतीश राजवाडे. घना आणि राधाचं खोटं लग्न, ते खरं होत जाणं, आणि गोष्ट संपली तेव्हा मालिका संपली, त्याच वर्षी. लोक आणखी बघायला तयार होते. तरी राधाला विसरण्याचा झटका आला नाही, घनाची हुबेहूब दिसणारी कुणी आवृत्ती आली नाही. आज कुणी राधाचं नाव काढलं तर एकच राधा आठवते. अरुंधतीचं नाव काढलं तर विचारावं लागतं, कधीची?

'होणार सून मी ह्या घरची'चं मला याच कारणानं वाईट वाटतं. श्री आणि जान्हवीची जोडी, गोखले गृहउद्योग, घरभर सासवा. किती प्रसन्न सुरुवात होती ती. शशांक केतकर आणि तेजश्री प्रधान समोरासमोर आले की काही घडलं नाही तरी चालायचं. पुढे जान्हवीचं गरोदरपण इतकं लांबलं की तो महाराष्ट्रभर विनोदाचा विषय झाला. विनोद सगळ्यांना आठवतो. श्री-जान्हवीमधला तो सुरुवातीचा जिव्हाळा आठवून सांगणारं आता क्वचित भेटतं. तेजश्रीनं त्या लांबणाऱ्या भागांतही जान्हवीचा साधेपणा सोडला नव्हता, हे मला नोंदवून ठेवायचंय, कारण त्याचं श्रेय तिला कुणी दिलं नाही.

आणि संजना. शेवटी मला तिच्याबद्दल लिहायचंय, कारण तिच्या बाबतीत लेखकांनी न्याय केला. अनिरुद्धशी लग्न झाल्यावर संजनाच्या वाट्याला काय आलं, ते त्यांनी टाळलं नाही. जी जागा हिसकावली तीच तिला खायला उठली. नवरा पुन्हा पहिलीच्या आयुष्यात डोकावतोय, आशुतोषवर जळतोय, हे तिला दिसत होतं. पोटच्या निखिलचं काय, हा प्रश्न होता. सासूच्या तोंडी सतत अरुंधतीचं माप. रूपाली भोसलेनं तिला कुठेही गोड केलं नाही. ती शेवटपर्यंत आक्रस्ताळी राहिली, हिशेबी राहिली, पण आता तिच्या आरडाओरड्यामागची भीती कळायला लागली. स्वभाव तोच ठेवून पात्र वाढवता येतं, याचा याहून चांगला दाखला मला त्या मालिकेत दुसरा सापडत नाही.

हे मी आईला म्हटलं तर तिला मुळीच पटलं नाही. संजनाला ती आजही माफ करायला तयार नाही. माझं म्हणणं, संजना ही त्या घरातली सगळ्यात प्रामाणिकपणे लिहिलेली बाई. तिचं म्हणणं, प्रामाणिकपणे लिहिली असेल, पण वागली का प्रामाणिकपणे? आमचा हा वाद मालिका संपल्यावरही चालू आहे. त्यात दीपाली पानसरे आणि रूपाली भोसले या दोघींपैकी नेमकी कोणती संजना, हा मुद्दा आजवर एकदाही निघालेला नाही.